लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स

लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स (संक्षेप: एलपीएन, मराठी: परवानाधारक व्यावहारिक परिचारिका) हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कॅनडात परिचर्या व्यवसायातील एक कायदेशीर दर्जा आहे. अमेरिकेत साधारणपणे एक वर्षाचे शिक्षण पूर्ण करून व राष्ट्रीय पातळीवरील परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊन हा दर्जा मिळतो. एलपीएन स्त्री असो वा पुरुष, रुग्णाची प्रत्यक्ष शुश्रूषा नोंदणीकृत परिचारिका (रजिस्टर्ड नर्स, आरएन), डॉक्टर किंवा कायद्याने मान्य केलेल्या अन्य वैद्यकीय व्यावसायिकाच्या निर्देशाखाली करते. टेक्सास व कॅलिफोर्निया या दोन राज्यांत याच दर्जाला लायसन्स्ड व्होकेशनल नर्स (एलव्हीएन) म्हणतात. नाव वेगळे असले तरी परीक्षा एकच आहे. अमेरिकेत सुमारे साडेसहा लाख व्यक्ती या पदावर काम करतात.

नावाविषयी

या संज्ञेतील ‘प्रॅक्टिकल’ हा शब्द व्यवहारचातुर्य सुचवत नाही. परिचर्येचे औपचारिक शिक्षण न घेता प्रत्यक्ष कामातून ते शिकलेली स्त्री, असा त्याचा एकोणिसाव्या शतकातील अर्थ होता. गल्लीतील बाळंतपणे करणारी किंवा आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी अनुभवी बाई ही मूळची ‘प्रॅक्टिकल नर्स’ होय. पुढे शिक्षण व परवाना दोन्ही आले, परंतु जुने नाव टिकून राहिले.

मराठी अनुवादात आणखी एक अडचण उद्भवते. अमेरिकी कायद्यात आरएनला ‘प्रोफेशनल’ तर एलव्हीएनला ‘व्होकेशनल’ असे विशेषण लावले जाते, आणि मराठीत या दोन्ही शब्दांसाठी ‘व्यावसायिक’ हाच प्रतिशब्द रूढ आहे. त्यामुळे ज्या भेदावर हा सारा दर्जा उभा आहे तोच अनुवादात पुसला जातो. या लेखात म्हणूनच एलपीएन व आरएन ही संक्षिप्त रूपे वापरली आहेत. ‘नर्सिंग होम’ या शब्दाबाबतही सावध राहणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचे छोटे खाजगी रुग्णालय. अमेरिकेत मात्र वृद्ध व परावलंबी व्यक्ती जेथे महिनोन्महिने किंवा आयुष्याच्या अखेरपर्यंत राहतात अशा निवासी संस्थेला नर्सिंग होम म्हणतात. एलपीएनच्या कामाचे मुख्य ठिकाण तेच असल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो. येथे अशा संस्थेसाठी ‘शुश्रूषागृह’ हा शब्द योजला आहे.

इतिहास

व्यावहारिक परिचारिकांचे पद्धतशीर शिक्षण १८९० च्या दशकाच्या प्रारंभी न्यू यॉर्क येथे वायडब्ल्यूसीए या स्त्रियांच्या संस्थेने सुरू केले. बॅलार्ड स्कूल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शाळेत सुमारे तीन महिन्यांत तान्ही मुले, वृद्ध व घरीच असलेले दीर्घकालीन रुग्ण यांची देखभाल शिकवली जाई. पथ्याचा स्वयंपाक हाही त्या अभ्यासक्रमाचा भाग होता. १९०७ मध्ये व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो येथे थॉम्पसन स्कूल आणि १९१८ मध्ये बॉस्टन येथे अशीच आणखी एक शाळा निघाली. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यवसायशिक्षणास केंद्रीय निधी उपलब्ध करून दिला आणि या प्रशिक्षणाला सार्वजनिक शाळांची दारे उघडली.

परवान्याचा इतिहास याहून संथ आहे. मिसिसिपी राज्याने १९१४ मध्ये व्यावहारिक परिचारिकांसाठी परवान्याचा कायदा केला, परंतु इतर राज्यांनी तो कित्ता लवकर गिरवला नाही. दुसऱ्या महायुद्धात प्रशिक्षित परिचारिका मोठ्या संख्येने लष्करी सेवेत गेल्याने नागरी रुग्णालयांत तीव्र तुटवडा निर्माण झाला, आणि कमी मुदतीत तयार होणाऱ्या परिचारिकेचे महत्त्व सर्वांना पटले. १९४१ मध्ये व्यावहारिक परिचर्या शिक्षणाची राष्ट्रीय संघटना, तर १९४९ मध्ये लिलियन कस्टर यांच्या पुढाकाराने एलपीएनचा स्वतःचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. १९५५ पर्यंत सर्व राज्यांत परवान्याचे कायदे अस्तित्वात आले होते.

दर्जा स्थिरावतो न स्थिरावतो तोच त्याच्या अस्तित्वावर प्रश्नचिन्ह उभे राहिले. १९६५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने एक भूमिकापत्र प्रसिद्ध केले. परिचर्येचे शिक्षण महाविद्यालयांतच व्हावे, पदवीधर ‘प्रोफेशनल’ व दोन वर्षांचे शिक्षण घेतलेली ‘टेक्निकल’ अशा दोनच श्रेणी असाव्यात, असे त्यात मांडले होते. एक वर्षाच्या व्यावहारिक परिचारिकेला या रचनेत जागाच नव्हती. नॉर्थ डकोटा राज्याने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या धर्तीवर शिक्षणाची अट वाढवून पाहिली व २००३ मध्ये ती मागे घेतली. अन्य राज्ये तेथवर गेलीच नाहीत. एलपीएन हद्दपार होईल हे भाकीत तेव्हापासून अनेकदा वर्तवले गेले असले तरी ते खरे ठरलेले नाही.

खरे ठरले ते स्थलांतर. १९८३ पासून मेडिकेअर या शासकीय विमा योजनेने रुग्णालयांना प्रत्येक दिवसाचा खर्च देण्याऐवजी आजाराच्या गटानुसार ठरावीक रक्कम देण्यास सुरुवात केली. रुग्ण लवकर घरी किंवा शुश्रूषागृहात पाठवले जाऊ लागले, आणि रुग्णालयात राहिलेल्यांची प्रकृती पूर्वीच्या मानाने अधिक गंभीर असे. अशा रुग्णांसाठी रुग्णालये आरएनला प्राधान्य देऊ लागली व एलपीएनचे काम हळूहळू रुग्णालयाबाहेर सरकले.

कार्यक्षेत्र

एलपीएनने काय करावे व काय करू नये हे प्रत्येक राज्याचा परिचर्या कायदा ठरवतो. रक्तदाब, नाडी, तापमान व श्वसनाची नोंद, गोळ्या व इंजेक्शने देणे, रक्तातील साखर तपासून इन्सुलिन देणे, जखमेची मलमपट्टी, मूत्रमार्गात कॅथेटर घालणे, नळीवाटे अन्न देणे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पाठीच्या जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलण्याची व्यवस्था पाहणे ही कामे बहुतेक सर्वत्र तिच्या अधिकारात येतात. शुश्रूषागृहांत प्रमाणित परिचर्या साहाय्यकांच्या (सीएनए) कामावर देखरेख ठेवण्याची जबाबदारीही पुष्कळदा तिच्यावर असते.

शिरेतून औषध देण्याबाबत राज्याराज्यांत मोठी तफावत आहे. कॅलिफोर्नियात शिरेतून द्रव देण्यासाठी व रक्त काढण्यासाठी वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. इतर राज्यांत काही औषधे चालतात, काही चालत नाहीत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या परिचारिकेस कालपर्यंत सहज करत असलेले काम आज नियमबाह्य ठरल्याचा अनुभव येऊ शकतो, आणि नियम माहीत नव्हता हे कारण परिचर्या मंडळापुढे चालत नाही.

कायद्यातील सर्वांत सूक्ष्म भेद ‘मूल्यांकन’ व ‘निरीक्षण’ या शब्दांत आहे. रुग्णाच्या स्थितीचे प्रारंभिक सर्वंकष मूल्यांकन करणे व शुश्रूषेची योजना आखणे हे आरएनचे काम मानले जाते. एलपीएन माहिती गोळा करते, बदल टिपते, तो वरिष्ठांना कळवते आणि ठरलेली योजना अमलात आणते. कागदावर ही रेघ स्पष्ट दिसते, पण पहाटे तीन वाजता ती तितकी स्पष्ट राहत नाही. केंद्रीय नियमांनुसार शुश्रूषागृहात परवानाधारक परिचारिका चोवीस तास हजर असावी लागते, परंतु आरएन मात्र दिवसातून सलग आठ तास असली तरी पुरते. रात्रपाळीत संपूर्ण मजल्यावर, कधी संपूर्ण इमारतीत, एलपीएन हीच एकमेव परिचारिका असण्याची शक्यता त्यामुळे राहते. एखादी वृद्धा पलंगाजवळ पडली, डोक्याला मार लागला की नाही हे तिला सांगता येत नाही, ती रक्त पातळ करणारे औषध घेते, अशा वेळी डॉक्टरांना दूरध्वनी करावा, थेट रुग्णवाहिका बोलवावी की सकाळपर्यंत लक्ष ठेवावे, हा निर्णय नियमाच्या भाषेत ‘मूल्यांकन’ नसतो. प्रत्यक्षात तो तिलाच घ्यावा लागतो, आणि नंतर चौकशी झाल्यास तिचीच नोंदवही उघडली जाते.

शुश्रूषागृहांत चोवीस तास आरएन असावी असा नियम केंद्र शासनाने २०२४ मध्ये जाहीर केला होता. तो पूर्णपणे लागू होण्यापूर्वीच २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने रद्दबातल ठरवला.

शिक्षण

प्रवेशासाठी शालान्त शिक्षण किंवा त्याशी समकक्ष मानली जाणारी जीईडी परीक्षा आवश्यक असते. अभ्यासक्रम कम्युनिटी कॉलेज, तांत्रिक शाळा, खाजगी संस्था व काही ठिकाणी रुग्णालयांमार्फत चालवले जातात. पूर्णवेळ शिकल्यास साधारण बारा महिने, तर सायंकाळच्या वर्गांत त्याहून अधिक काळ लागतो. शरीररचना व शरीरक्रिया, औषधशास्त्र, प्रौढ, बाल, प्रसूती, वृद्ध व मानसिक रुग्णांची परिचर्या हे विषय असतात. औषधाच्या मात्रेचे गणित हा अनेक विद्यार्थ्यांच्या वाटेतील अडसर ठरतो, आणि त्यासाठी स्वतंत्र चाचणी घेणाऱ्या संस्था आहेत. वर्गाबरोबरच शुश्रूषागृह व रुग्णालयातील प्रत्यक्ष काम अनिवार्य असते. त्यापूर्वी लसीकरणाची कागदपत्रे, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी व सीपीआरचे प्रमाणपत्र मागितले जाते. पूर्वीच्या गुन्ह्याची नोंद असलेल्या व्यक्तीने शुल्क भरण्याआधीच राज्य मंडळाकडे विचारणा करणे इष्ट, कारण शिक्षण पूर्ण झाल्यानंतर परवाना नाकारला गेल्यास भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

अमेरिकी लष्करातही हे शिक्षण मिळते. भूदलातील ६८सी हे पद म्हणजे व्यावहारिक परिचर्या तज्ज्ञ असून, प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या सैनिकास नागरी परवान्याची परीक्षा द्यावी लागते.

संस्था निवडताना दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. राज्य परिचर्या मंडळाची मान्यता ही परवाना परीक्षेस बसण्यासाठी अपरिहार्य असते. एसीईएनसारख्या राष्ट्रीय संस्थेचे अधिस्वीकरण ऐच्छिक असते, परंतु पुढे आरएनच्या अभ्यासक्रमास जाताना आधीचे श्रेयांक ग्राह्य धरले जातील की नाही हे अनेकदा त्यावर अवलंबून असते. बहुतेक मंडळे प्रत्येक संस्थेच्या विद्यार्थ्यांचे परवाना परीक्षेतील उत्तीर्णतेचे प्रमाण प्रसिद्ध करतात. जाहिरातीतील छायाचित्रांपेक्षा हा आकडा अधिक बोलका असतो. जानेवारी २०२३ मध्ये ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ या नावाने उघड झालेल्या संघीय तपासात दक्षिण फ्लोरिडातील तीन संस्थांनी आरएन व एलपीएनची सुमारे ७,६०० बनावट प्रमाणपत्रे विकल्याचे निष्पन्न झाले. ती विकत घेणाऱ्यांपैकी अनेक जण परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रत्यक्ष कामही करत होते. त्यानंतर अनेक राज्यांनी परवाने रद्द करण्याच्या कारवाया केल्या.

परवाना परीक्षा

परवान्यासाठी एनक्लेक्स-पीएन ही परीक्षा द्यावी लागते. राज्य परिचर्या मंडळांची राष्ट्रीय परिषद (एनसीएसबीएन) ती घेते. १९९४ पासून ही परीक्षा संगणकावर, अनुकूली पद्धतीने होते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अधिक कठीण येतो, चुकले की सोपा येतो. परीक्षार्थी उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याविषयी संगणकाची ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा थांबते. एप्रिल २०२३ पासून प्रश्नांची संख्या किमान ८५ व कमाल १५० असून वेळ पाच तासांचा आहे. त्याच वेळी एकाच रुग्णाच्या कागदपत्रांवर आधारित, टप्प्याटप्प्याने निर्णय घ्यायला लावणारे प्रश्न समाविष्ट झाले.

परीक्षा ८५ प्रश्नांनंतर थांबली म्हणजे उत्तीर्ण, अशी समजूत विद्यार्थ्यांत प्रचलित आहे. ती निराधार आहे, कारण उत्तीर्ण व अनुत्तीर्ण दोघांचीही परीक्षा तेथे थांबू शकते. कठीण प्रश्न येत असल्याने घाबरून जाणे हेही तितकेच चुकीचे, कारण या पद्धतीत कठीण प्रश्न हे उत्तरे बरोबर येत असल्याचे लक्षण असते. अनुत्तीर्ण झाल्यास सर्वसाधारणपणे ४५ दिवसांनंतर पुन्हा बसता येते.

परवान्याचे ठरावीक मुदतीने, बहुतेक राज्यांत दर दोन वर्षांनी, नूतनीकरण करावे लागते. नर्स लायसेन्शर कॉम्पॅक्ट या आंतरराज्य करारातील एका राज्याचा बहुराज्यीय परवाना कराराच्या इतर राज्यांतही चालतो. हा करार २००० मध्ये सुरू झाला व २०१८ मध्ये त्याचे सुधारित रूप लागू झाले. कॅलिफोर्निया व न्यू यॉर्क ही मोठी राज्ये दीर्घकाळ त्याबाहेर राहिली आहेत.

रोजगार व वेतन

एलपीएनपैकी एक तृतीयांशाहून अधिक शुश्रूषागृहांत व निवासी देखभाल संस्थांत काम करतात. उरलेल्यांत घरपोच शुश्रूषा, रुग्णालये, डॉक्टरांचे दवाखाने, शाळा व तुरुंग यांचा समावेश होतो. अमेरिकी श्रम सांख्यिकी विभागानुसार मे २०२४ मध्ये त्यांचे मध्यमान वार्षिक वेतन ६२,३४० डॉलर होते. त्याच वेळी आरएनचे मध्यमान ९३,६०० डॉलर, तर परिचर्या साहाय्यकांचे ४० हजारांच्या आत होते. राज्य, पाळी व कामाचे ठिकाण यांनुसार या आकड्यांत बराच फरक पडतो. दवाखान्यातील दिवसपाळी शरीराला सुसह्य असते, मात्र तिचे वेतन शुश्रूषागृहाहून सहसा कमी असते.

कामाचा शारीरिक ताण मोठा आहे. रुग्णाला उचलताना व वळवताना होणारी पाठीची दुखापत ही या व्यवसायातील नेहमीची तक्रार होय. शुश्रूषागृहातील औषधवाटपाच्या एका फेरीत वीस-तीस रहिवाशांना, प्रत्येकी अनेक औषधे, नेमून दिलेल्या वेळेच्या आत द्यायची असतात. त्यातच कोणी पडतो, कोणी औषध नाकारतो, कोणाचे नातेवाईक दारात उभे असतात. दुसरीकडे, रुग्णालयातील परिचारिकेस क्वचितच लाभणारी एक गोष्ट येथे असते. तेच रहिवासी वर्षानुवर्षे भेटतात, आणि नेहमी भरभर बोलणारे आजोबा आज शब्द शोधत आहेत हे तपासणीच्या आकड्यांआधी त्यांना रोज पाहणाऱ्या परिचारिकेच्या ध्यानात येते.

पुढील शिक्षण

अनेक जण एलपीएनचा परवाना आरएनकडे जाणारी पायरी म्हणून घेतात. त्यासाठी ‘ब्रिज’ अभ्यासक्रम आहेत. आधीचे शिक्षण जमेस धरून साधारण एक ते दीड वर्षात सहयोगी पदवी मिळते व एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा देता येते. थेट पदवीचे मार्गही आहेत. वेतनातील वर दिलेला फरक पाहता हा मार्ग आकर्षक वाटतो, परंतु पूर्णवेळ पाळ्या, घरची जबाबदारी आणि रसायनशास्त्र-सूक्ष्मजीवशास्त्रासारखे पूर्वअभ्यास यांत तो लांबतो. म्हणूनच ज्याला आरंभापासून आरएनच व्हायचे आहे व दोन-तीन वर्षे कमाईविना निभावता येतील त्याने थेट तो अभ्यासक्रम घेणे बहुधा किफायतशीर ठरते. लवकर कमावते होण्याची निकड असलेल्यांसाठी एलपीएनचा रस्ता खुला राहतो. कमी खर्च व कमी मुदत यांमुळे कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण एलपीएनमध्ये आरएनच्या तुलनेत अधिक आहे. ही श्रेणी बंद करण्याच्या प्रस्तावांना होणाऱ्या विरोधामागे हेही एक कारण असते.

इतर देशांत

कॅनडात एलपीएनचे शिक्षण सामान्यतः दोन वर्षांच्या पदविकेचे असून कार्यक्षेत्र अमेरिकेपेक्षा विस्तृत आहे. ऑन्टॅरियो प्रांतात त्यांना रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स म्हणतात. ऑस्ट्रेलियात एनरोल्ड नर्स ही समकक्ष श्रेणी आहे. ब्रिटनने १९४३ च्या कायद्याने निर्माण केलेली अशीच श्रेणी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मोडीत काढली, आणि २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये ‘नर्सिंग असोसिएट’ या नावाने तिच्यासारखी नवी श्रेणी नोंदणीपुस्तकात आणली.

भारताच्या संदर्भात

भारतात एलपीएनला तंतोतंत समकक्ष पद नाही. जवळचे पद म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसाविका (एएनएम) होय. दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमानंतर महाराष्ट्रात महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रातील आरोग्यसेविका याच शिक्षणातून येते. सपाट प्रदेशात ५,००० व आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. दोन्हींच्या कामाचे स्वरूप मात्र भिन्न आहे. एएनएमचा भर लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, प्रसूती व गावभेटींवर असतो, तर एलपीएनचा जराजर्जर व दीर्घकालीन रुग्णांच्या शुश्रूषेवर. त्यामुळे एएनएमचे प्रमाणपत्र अमेरिकेत आपोआप एलपीएनच्या बरोबरीचे धरले जात नाही. संबंधित राज्याचे मंडळ विषयवार तास पडताळून पाहते. तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांची बी.एस्सी. परिचर्या पदवी घेतलेल्यांनी आरएनच्या परवान्यासाठी मूल्यमापन करून घेणे अधिक सयुक्तिक असते.

स्थलांतराच्या दृष्टीने हा भेद निर्णायक ठरतो. अमेरिकी श्रम विभागाच्या ‘शेड्यूल ए’ या तुटवड्याच्या यादीत प्रोफेशनल नर्स, म्हणजे आरएन, समाविष्ट आहेत. एलपीएन त्यात नाहीत. परिणामी एलपीएनच्या नोकरीच्या आधारे भारतातून अमेरिकेत जाणे बरेच अवघड आहे, आणि तसे आश्वासन देणाऱ्या मध्यस्थाकडे सावधपणे पाहावे लागते. पती वा पत्नीच्या व्हिसावर आधीच तेथे राहणाऱ्या व्यक्तीस हा अभ्यासक्रम घेता येतो, मात्र परवाना हाती आला तरी अनेक प्रकारच्या व्हिसांवर नोकरी करण्यासाठी स्वतंत्र कार्यानुमती लागते. शुल्क भरण्यापूर्वी आपल्या व्हिसाचा प्रकार व त्यावर कार्यानुमती मिळते की नाही, हे अशा व्यक्तीने पडताळून घेणे आवश्यक असते.